जुने पीसी, टॅली, श्रीलिपी आणि 'सगळं ब्राउझरमध्ये': खरंच जमतं का?

हिशेबनीस | शनि, १७ जाने. २०२६, २१:१२

राम राम मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

सांगलीत माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. चार पीसी, सगळे इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे, अजून ठणठणीत. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची वाढीव मुदत घेतली आहे, ती या ऑक्टोबरात संपेल. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं सहसा काही घेत नाही. म्हणजे चालती मशीनं भंगारात.

परवा एक विक्रेता येऊन गेला. म्हणाला, पीसी बदलूच नका. क्रोम उघडा, लॉगिन करा, आत अख्खं विंडोज. टॅली आत, एक्सेल आत. ऑफिसातून उघडा नाहीतर घरून. माणशी महिन्याचं भाडं. त्याच्या लॅपटॉपवर दाखवलंही, झकास चाललं. (तो लॅपटॉप माझ्या चारही पीसींपेक्षा महाग असावा, हा भाग वेगळा.)

आमच्याकडे लागतं ते असं: टॅली, मॅक्रो असलेल्या जुन्या एक्सेल शीट, सरकारी पोर्टलची कामं, डीएससी टोकन (डिजिटल सहीचं, यूएसबीत खुपसायचं), एक डॉट मॅट्रिक्स आणि एक लेझर प्रिंटर. शेजारच्या गाळ्यात धाकट्या भावाचं लग्नपत्रिकांचं डीटीपी आहे. तो पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर (मराठी फॉन्ट आणि टायपिंगचं) बसतो. त्यालाही यात घ्यावं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

रिकामटेकडा अभियंता | शनि, १७ जाने., २१:५८

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: प्रोग्राम चालतो कुठे? 'ब्राउझरमध्ये' म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून विकतात.

पहिली: प्रोग्राम खरोखर तुमच्याच मशीनवर, ब्राउझरच्या आत चालतो. उदाहरण फोटोपीचं. इव्हान कुट्स्किर नावाच्या एकट्या माणसाने लिहिलेलं फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर. पीएसडी फाइल त्यात टाकली तर ती कुठल्या सर्व्हरला जात नाही, तुमच्याच रॅममध्ये उघडते. पान लोड झाल्यावर वायर काढली तरी हातातलं काम चालू राहतं. डिझाइनवाल्यांचं फिग्मा याच जातीचं. २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत वेबअसेंब्ली आलं, तेव्हापासून सी++ मध्ये लिहिलेले जड प्रोग्राम ब्राउझरमध्ये बऱ्यापैकी वेगात पळायला लागले. ऑटोकॅड आणि फोटोशॉपच्या वेब आवृत्त्या त्यानंतरच्या.

दुसरी: प्रोग्राम लांबच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे फक्त पडद्याचं चित्र येतं आणि तुमच्याकडून कळा आणि माऊसच्या हालचाली जातात. तुमचा विक्रेता विकतोय ते हे. कल्पना जुनी आहे, सिट्रिक्स १९९५ पासून हेच करते. ॲमेझॉनचं वर्कस्पेसेस २०१४ चं, मायक्रोसॉफ्टचं विंडोज ३६५ ऑगस्ट २०२१ चं. आपल्याकडे जिओनेही २०२५ च्या जुलैत सेट-टॉप बॉक्सवर जिओपीसी आणला. आत लिनक्स आणि लिबरऑफिस आहे, म्हणून टॅलीवाल्याला त्याचा उपयोग नाही.

पहिल्या प्रकारात तुमचा पीसी दणकट लागतो, दुसऱ्यात नेट. तुमच्या यादीतलं मराठी टायपिंग, टोकन आणि प्रिंटर ही तिन्ही दुखणी दुसऱ्या प्रकारातली आहेत.

---

लिनक्सपंथी | शनि, १७ जाने., २२:०५

चारही पीसींवर लिनक्स टाका, लिबरऑफिस टाका, विषय संपला. इतका ऊहापोह कशाला?

---

हिशेबनीस | शनि, १७ जाने., २२:११

@लिनक्सपंथी, टॅली?

---

लिनक्सपंथी | शनि, १७ जाने., २२:१४

वाईनवर चालवून बघा. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवतं ते.

---

आकडेमोडीताई | शनि, १७ जाने., २२:२०

मार्चअखेर आणि वाईन? नको रे बाबा. सविस्तर उद्या लिहिते.

---

जुनाजाणता | शनि, १७ जाने., २३:४०

अवांतर आहे, पण राहवत नाही. अभियंतासाहेबांनी दोन प्रकार सांगितले, एक तिसराही होता आणि एके काळी तोच भविष्य मानला जायचा: ब्राउझरच्या एका टॅबमध्ये नकली डेस्कटॉप. भिंतीला चित्र, खाली पट्टी, आयकॉन, खिडक्या ओढायच्या, सगळं जावास्क्रिप्टमध्ये.

२००५-०६ नंतर याचं पेवच फुटलं होतं. बार्सिलोनाजवळच्या पोरांनी आयओएस काढलं. आयफोनचं नव्हे, डोळा या अर्थाने 'आय'. ते मुक्तस्रोत होतं. एमआयटीच्या मुलांचं यूओएस २००६ ला आलं, २००८ ला गेलं. घोस्ट तर भन्नाट प्रकरण: कंपनी इस्रायलची, प्रोग्रामर रामल्लातले पॅलेस्टिनी, एकमेकांच्या ऑफिसात जाणं मुश्कील म्हणून बैठका व्हिडिओवर. २०१० मध्ये तेही बंद पडलं. स्वीडनच्या एक्सेरियनने आपल्या सेवेचं नाव आयक्लाउड ठेवलं होतं. ते नाव २०११ मध्ये ॲपलच्या हाती गेलं, खिशात आयफोन असेल तर त्याला विचारा. आयओएस २०१४ ला स्पेनच्या टेलिफोन कंपनीने, टेलेफोनिकाने घेतलं.

भारतातही झालं होतं. निव्हिओ नावाच्या कंपनीची सेवा एअरटेलने २००८ च्या सुमारास 'ऑनलाइन डेस्कटॉप' म्हणून आणली होती. ती मात्र नकली नव्हे, खरं विंडोज लांबून दाखवणारी, म्हणजे दुसऱ्या प्रकारातली. तेव्हाच्या २५६ केबीपीएसच्या ब्रॉडबँडवर विंडोज लांबून चालवायची हिंमत करणाऱ्याला माझा नमस्कार.

हे नकली डेस्कटॉप मेले कारण त्यांची गरजच उरली नाही. ब्राउझर स्वतःच डेस्कटॉप झाला: टॅब म्हणजे खिडक्या, बुकमार्क म्हणजे आयकॉन. मेल एका टॅबमध्ये, शीट दुसऱ्यात; त्यांना गुंडाळायला वर आणखी एक खोटा डेस्कटॉप कोण उघडणार? २०११ ला क्रोमबुक आलं आणि त्या कल्पनेतला जीवच गेला. हौस म्हणून आजही चालतं. प्युटर नावाच्या अशाच टॅबमधल्या डेस्कटॉपचा कोड २०२४ मध्ये खुला झाला, बघण्यासारखा आहे. फाब्रिस बेलार्डने २०११ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये अख्खा पीसी लिहून त्यात लिनक्स चालू करून दाखवलं होतं, ते पाहिलं नसेल तर जरूर पाहा. टॅली चालणार नाही, पण माणूस काय करू शकतो ते कळेल.

---

रिकामटेकडा अभियंता | रवि, १८ जाने., ०८:३०

+१. प्रतिसाद आवडला. अवांतर मुळीच नाही.

---

ट मारणारा | रवि, १८ जाने., १०:०२

डीटीपीत केस पांढरे झालेत, म्हणून भावाच्या प्रश्नावर मी बोलतो. स्पष्ट सांगायचं तर त्याला यात ओढू नका. कारणं देतो, कारण 'मराठी टाइप होतं की' असं विक्रेता म्हणणारच.

ब्राउझरमधून लांबच्या मशीनवर टाइप करताना तिकडे नक्की काय पोचतं, यावर सगळं आहे. एक पद्धत: 'अमुक नंबरची कळ दाबली' एवढंच जातं, अक्षर कोणतं ते तिकडचं विंडोज ठरवतं. दुसरी: इकडे तयार झालेलं युनिकोड अक्षरच जातं.

पहिल्या पद्धतीत इकडचा कीबोर्ड इंग्रजीतच ठेवायचा आणि मराठी तिकडे चालू करायचं. दोन्हीकडे चालू ठेवलंत की खिचडी. इनस्क्रिप्ट या ठरलेल्या मराठी कीबोर्डवाल्याला हे एकदा सांगितलं की पुरतं, नंतर फरकही जाणवत नाही. पण शब्द सुचवणारं फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारं) वापरणाऱ्याचे हाल होतात. शब्द पुरा होईपर्यंत तो इकडच्याच ब्राउझरमध्ये घुटमळतो, तिकडे पोचतो तेव्हा रफार एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. फोनेटिकसुद्धा तिकडच्या विंडोजमध्येच बसवायला हवं.

दुसरी पद्धत मेल, वर्ड, एक्सेल अशा युनिकोडवाल्या कामाला बरी. पण श्रीलिपी जुन्या फॉन्टांवर वापरत असाल तर ती कळ आणि पेजमेकर यांच्या मधे बसून काम करते. तिला कळेचा नंबरच लागतो. इकडून आयता 'क' गेला तर पेजमेकर प्रश्नचिन्ह दाखवणार, त्याला युनिकोड कळतच नाही. शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची, पुढे कोणी सुधारायला बसलं नाही.

आता रंग. लांबून येणारं चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवतात. त्यात उजेडाची माहिती पुरी ठेवतात आणि रंगाची कमी करतात. काळ्या-पांढऱ्या हिशेबाला कळणारही नाही, पण पत्रिकेतली बारीक लाल अक्षरं पिवळ्यावर घ्या: कडा पुसट, वेलांटीचं टोक मागच्या रंगात विरलेलं. 'चि.सौ.कां.' मधला अनुस्वार आहे की नाही हे स्क्रीनवर डोळे फाडून बघावं लागतं. छापताना बरोबर येतं, पण प्रूफ कोण वाचणार?

शिवाय भावाच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) असेल तर भाड्याच्या सर्व्हरला तो कुठे खुपसणार?

---

आकडेमोडीताई | रवि, १८ जाने., ११:४५

मी पुण्यात प्रॅक्टिस करते. क्लाउडवरची टॅली आमच्याकडे आहे आणि टॅलीपुरती मी त्यावर खूश आहे. पण हे आधी बघा.

डीएससी: पोर्टल ब्राउझरमध्ये असलं तरी सही करणारी छोटी युटिलिटी तुमच्या मशीनवर बसलेली असते आणि टोकनही त्याच मशीनच्या यूएसबीत असावं लागतं. लांबच्या विंडोजमध्ये पोर्टल उघडलंत आणि टोकन तुमच्या टेबलावर, तर त्यांची गाठ पडत नाही. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप ॲप टोकन पुढे पोचवू शकतं; ब्राउझरमधून उघडलेल्या सत्रात बहुतेक ठिकाणी ती सोय नाही. आम्ही पोर्टलं लांबच्या विंडोजमध्ये उघडतच नाही. महाटेंडर असो की कंपनी कार्य मंत्रालयाचे फॉर्म, टोकन आणि पोर्टल दोन्ही समोरच्या पीसीवर. क्लाउडवर फक्त टॅली.

प्रिंटर: ब्राउझरमधून प्रिंट दिलं की पीडीएफ तयार होऊन तुमच्याकडे उतरते आणि मग ती छापायची. लेझरला ठीक. डॉट मॅट्रिक्सवर सलग कागदावर पावत्या छापत असाल तर अक्षरांची मापं बदलतात, आणि वेगाचं नावच काढू नका.

एक्सेल: विक्रेता 'एक्सेल आत' म्हणतो ते पुरं एक्सेल की वेबवरचं, हे लिहून घ्या. वेबवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रोवाली फाइल उघडते, पण व्हीबीए, म्हणजे ते मॅक्रो, चालत नाही. तुमची घसाऱ्याची शीट नुसती बघत बसावी लागेल.

लायसन्स: टॅलीचं सिल्व्हर एका संगणकापुरतं. चौघं एकदम बसणार तर गोल्ड. आणि एका साध्या विंडोज प्रोवर जुगाड करून चौघांना एकदम घुसवणारे लोक आहेत. ते नियमात बसत नाही. सर्व्हर विंडोजवरही फुकटची दोन सत्रं देखभालीसाठी असतात, कामासाठी माणशी वेगळं लायसन्स लागतं. भाडं फारच स्वस्त असेल तर इथेच पाणी मुरतंय.

शेवटचं, पण अशिलांत प्रायव्हेट लिमिटेड असतील तर हेच पहिलं विचारा: सर्व्हर कुठल्या देशात? कंपन्यांची हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज व्हायला हवा, ही दुरुस्ती ऑगस्ट २०२२ ची. विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी 'हो मॅडम, मुंबईतच आहे' खूप ऐकलंय.

---

हिशेबनीस | रवि, १८ जाने., १३:१०

ताई, धन्यवाद. आताच त्याला फोन केला. सर्व्हर कुठे विचारलं तर 'क्लाउडवर' म्हणाला.

---

जर्सीकर | रवि, १८ जाने., १९:२५

देशाबद्दल निघालंच आहे तर माझे दोन पैसे. मी इथून, अमेरिकेतून, क्रोम रिमोट डेस्कटॉपने नाशिकला आईच्या पीसीवर जातो. तिची बिलं, फोटो, पासबुकाची शीट असं काहीबाही. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, तिला फक्त पीसी चालू ठेवायला सांगतो. पण एक कळ दाबली की अक्षर उमटायला मनातल्या मनात 'ह्म्म' म्हणण्याइतका वेळ जातो. दोन ओळींच्या पुढे टाइप करणं म्हणजे शिक्षा. मी सरळ इकडे लिहून तिकडे चिकटवतो.

---

रिकामटेकडा अभियंता | रवि, १८ जाने., २१:०५

@जर्सीकर, तो उशीर तुमच्या नेटचा नाही, अंतराचा आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा १२-१३ हजार किलोमीटर. जाऊन-येऊन १२० मिलिसेकंदांच्या खाली भौतिकशास्त्रच येऊ देत नाही, आणि वळणावळणाने जाताना प्रत्यक्षात २०० च्या आसपास होतात. कितीही महाग प्लॅन घ्या.

सांगलीहून उलट आहे. मायक्रोसॉफ्टचं मध्य भारत केंद्र पुण्यातच आहे, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून. सर्व्हर खरंच तिथे असेल तर चांगल्या फायबरवर २०-३० मिलिसेकंदांत काम होतं, हाताला कळत नाही. विक्रेत्याला डेमो तुमच्या ऑफिसात, तुमच्या नेटवर, तुमच्या जुन्या पीसीवर द्यायला लावा. वेगही फार लागत नाही: मायक्रोसॉफ्टची शिफारस हलक्या कामाला माणशी दीड एमबीपीएस, मध्यम कामाला ३. लागतं ते न तुटणारं नेट.

आता माझं मत. चौघंही एका छताखाली बसता. गोल्ड असेल तर टॅली तुमच्याच ऑफिसच्या लॅनवर चालते, मग पुण्याला वळसा कशाला? लांबून लागते ती घरी बसून काम करताना, म्हणजे रिटर्नांच्या मोसमात. तेवढ्यासाठी स्वतःचंच दार बनवता येतं: अपाची ग्वाकामोली. मुक्तस्रोत आहे. ऑफिसातल्या एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून (घ्या लिनक्सपंथी, तुमचंही काम झालं) त्यावर ते बसवायचं. घरून कुठल्याही ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ऑफिसातला आपापला पीसी समोर. प्रत्येक जण स्वतःच्याच पीसीवर जातो, म्हणून चौघांना एकात कोंबायचा प्रश्न नाही. फक्त समोरच्या पीसीवर विंडोज प्रो हवं, होमवर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने बाहेरून येता येत नाही.

बसवलंत तर वापरताना अडणाऱ्या गोष्टी: कंट्रोल-आल्ट-शिफ्ट एकदम दाबलं की बाजूने त्याचा मेनू उघडतो, कापून-चिकटवण्याचा मजकूर आणि फाइल पाठवणं तिथून. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'फेलसेफ' निवडलं तर इकडचं युनिकोड अक्षर जातं, अमेरिकन क्वर्टी ठेवलं तर कळेचा नंबर जातो. ट मारणारा यांनी सांगितलेल्या दोन पद्धती म्हणजे याच.

आणि हात जोडून विनंती: ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट राउटरमधून थेट बाहेर उघडू नका. रॅन्समवेअरवाले दिवसरात्र तेच दार ठोठावत फिरतात. ग्वाकामोलीसुद्धा व्हीपीएनच्या (खाजगी, कुलूपबंद जोडणीच्या) आतच ठेवा.

---

फळा आणि खडू | रवि, १८ जाने., २२:१५

रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या शाळेतल्या जुन्या पीसींवर क्रोमओएस फ्लेक्स टाकलंय, म्हणजे विंडोजऐवजी गूगलची ब्राउझरभोवती बांधलेली सिस्टीम. पूर्वी सुरू व्हायला तास अर्धा संपायचा, आता मुलं बसेपर्यंत चालू. व्हायरसची कटकट गेली.

पण पावसात वीज कडाडली की नेट जातं, आणि नेट गेलं की अर्धं काम बसतं. गूगल डॉक्स ऑफलाइन चालतं, फक्त ते आधी चालू करून ठेवावं लागतं आणि हवी ती फाइल आधी उघडलेली असावी लागते. हे मुलांना नेट गेल्यावर आठवतं. लांबच्या विंडोजला तर ऑफलाइन असा प्रकारच नाही. ३१ जुलैच्या संध्याकाळी तुमचं फायबर कोणी खणलं तर काय, याचं उत्तर आधी ठरवा. मोबाइलचं हॉटस्पॉट चालेल, पण त्याचा उशीर खाली-वर होत राहतो.

---

हिशेबनीस | सोम, १९ जाने., १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भावासोबत बसून ठरवलं ते असं.

भाड्याचं विंडोज नको. विक्रेता चारदा विचारूनही सर्व्हरचं ठिकाण लिहून द्यायला तयार नाही, तिथेच विषय मिटला. दोन नवे विंडोज ११ प्रो पीसी घेतो. टॅली, मॅक्रो आणि टोकन त्यांवर, डॉट मॅट्रिक्सही तिथेच. तिसऱ्या जुन्या पीसीवर फ्लेक्स टाकून मेल, शीट आणि ओटीपीवर भागणारी पोर्टलची कामं. चौथ्यावर ग्वाकामोली, ते बसवायला भाचा शनिवारी येतोय. भावाचा पीसी आहे तसा विंडोज १० वरच, पण नेटची वायर काढून. फाइल पेनड्राइव्हने द्यायच्या-घ्यायच्या, आणि पेनड्राइव्ह आधी माझ्याकडे स्कॅन करायचा. कुरकुरला, पण डोंगल निघाल्यावर गप्प झाला.

एक शंका: फ्लेक्सवाल्या पीसीवरून ऑफिसातला लेझर चालेल ना? यूएसबीचा आहे, नेटवर्कचा नाही.

---

फळा आणि खडू | सोम, १९ जाने., १०:५२

मॉडेलवर आहे. आमचा एक चालला, एक नाही. यादी शोधत बसण्यापेक्षा फ्लेक्स ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच सुरू करा. प्रिंटर, वायफाय, आवाज सगळं तपासा. पटलं तरच इन्स्टॉल. त्यात डिस्क पूर्ण पुसली जाते आणि विंडोज शेजारी ठेवता येत नाही, तेव्हा त्या पीसीवरचा जुना डेटा आधी काढून घ्या.

---

आकडेमोडीताई | सोम, १९ जाने., ११:२०

आणि घरून ग्वाकामोलीत काम करताना एक्सेलमधली फाइल बंद करायला कंट्रोल-डब्ल्यू दाबू नका. फाइल तशीच राहते, इकडचा टॅब बंद होतो. आमच्या आर्टिकलशिपच्या पोरांनी त्या कळेवर स्टिकर चिकटवलाय.